पाणी गेलं कुठं?

उन्हाळ्यातली दुपार. बोरगाव मंजूच्या अलीकडे एक बोलेरो बाभळीच्या सावलीत उभी. बॉनेट वर, आतून वाफेचे लोट, आणि ड्रायव्हर रिकामी बाटली घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघालेला. अमरावती-अकोला रस्त्याने जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. थांबून विचारलं, तर उत्तरही नवं नसतं : "काही नाही भाऊ, गाडी जरा पानी पिऊन रायली."

गाडी पाणी पिते, हे आपल्या तोंडात इतकं बसलं आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. दोष कूलरचा असावा. वऱ्हाडात मार्च लागला की घरोघरी कूलर उतरतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि मग जूनपर्यंत रोज दोन-चार बादल्या पाणी त्यात ओतणं हे घरातलं एक कामच होऊन बसतं. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो, तेव्हा त्याला पाणी लागणारच. मग रेडिएटरलाही लागत असेल, असा आपला सरळ हिशेब. पण गाडीतली व्यवस्था बंद असते. इंजिनातून रेडिएटरकडे, रेडिएटरमधून परत इंजिनात, असं तेच ते द्रव फिरत राहतं. निरोगी गाडीत वर्षभरात त्याची पातळी बोटभर हलली तरी पुष्कळ. दर आठवड्याला पाणी ओतावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय, आणि ते कुठं जातंय एवढं शोधणं हेच सगळं निदान.

मोटारीचा जन्म झाला तेव्हा मात्र ती खरोखरच कूलरसारखी होती. बर्था बेंझ या बाईंनी ऑगस्ट 1888 मध्ये नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम हा प्रवास केला. अंतर शंभरएक किलोमीटर, म्हणजे साधारण अमरावतीहून अकोल्याइतकं. त्या गाडीचं पाणी उकळून हवेत जायचं, म्हणून वाटेत जिथं मिळेल तिथं थांबून ते भरून घ्यावं लागलं. पुढे 1900 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, हजारो बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं. त्यालाही आता सव्वाशे वर्षं झाली. आपण अजून बाटली घेऊन विहिरीवर.

आता वऱ्हाडातल्या उन्हाचा हिशेब. जाळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच चाकं फिरवायच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्यातली बरीचशी रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे आतलं द्रव आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत 95 अंश आणि बाहेर 30 असेल तर फरक 65 चा. अकोल्यात मे महिन्यात बाहेर 46 असतं तेव्हा तोच फरक 49 वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद पाव भागाने घटली. त्यात एसी चालू असेल तर त्याचं कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसलेलं असतं, आणि रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापवून ठेवतं. मे 2024 मध्ये उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावं लागलं होतं. माणसांना घरी बसता आलं, गाड्यांना नाही. शिवाय रस्ताही आता पूर्वीचा राहिला नाही. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम नोंदवला गेला. खड्डे गेले, वेग वाढला. जुनी गाडी सत्तरवर रखडत जायची तेव्हा तिचं दुखणं झाकलेलं राहायचं. शंभरवर पळवली की ते मूर्तिजापूरच्या आत बाहेर पडतं.

उन्हाहून मोठा शत्रू मात्र त्या बाटलीतच असतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या भागांतल्या किती गावांचं विहीर-बोअरचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. जे पाणी आपण माणसाला देत नाही, तहान लागली तर बैलालाही नाइलाजाने दाखवतो, ते इंजिनात मात्र बिनदिक्कत ओततो. त्यातले क्षार गरम धातूवर चिकटून थर धरतात. चहाच्या भांड्याच्या बुडाशी बसतो तोच पांढरा थर. रेडिएटरच्या नळ्या बोरूच्या टाकाइतक्या बारीक, त्या बुजायला कितीसा वेळ लागणार? मिठातलं क्लोराइड त्याहून वाईट. ते अॅल्युमिनियमला टोकऱ्या किड्यासारखं भोकं पाडतं, आणि आजकालची हेडं, रेडिएटर, पंपांची घरं बहुतेक अॅल्युमिनियमचीच. वाफेच्या इंजिनांनाही जड पाण्याची हीच भीती असायची. मूर्तिजापूरची शकुंतला ही आगगाडी 1994 पर्यंत वाफेवर धावली. आगगाडीच्या बॉयलरसाठी पाणी पारखून घ्यायचं असतं हे त्या काळच्या फायरमनला ठाऊक होतं. आपल्या दारातल्या गाडीसाठी ते आपल्याला सुचत नाही.

"आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला पाहिजे?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर आता पाठ झालं आहे. बर्फाचा मुद्दा थंड देशांत. आपल्याकडे कूलंट घालायचं ते गंज थांबवण्यासाठी आणि उकळणं लांबवण्यासाठी. इथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळलं की ते 106-107 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की आणखी वीसेक अंश वर जातं. पाणी घालायचंच तर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घरात आणून ठेवतो ते, डिस्टिल्ड. कूलंटच्या रंगावर मात्र जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते; हिरव्यात हिरवं ओतलं म्हणजे जमलं असं नसतं. न जुळणारी दोन कूलंटं एकत्र आली तर गाळ धरतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं तेच घ्यावं.

तर पाणी गेलं कुठं? वाटा तीनच : बाहेर गळतं, वाफ होऊन झाकणातून उडतं, किंवा इंजिनाच्या पोटात जातं.

बाहेरची गळती पकडायला रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कुठं पडला आणि कसला, हे पाहावं. एक खुलासा आधीच करतो, कारण उन्हाळ्यात निम्म्या तक्रारी याच्याच असतात. एसी चालवून गाडी उभी केली की डॅशबोर्डच्या खालच्या बाजूने स्वच्छ पाणी ठिबकतं. ते एसीचं. त्याला रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागतं, आणि वाळलं की मागे पांढरट किंवा हिरवट पापुद्रा ठेवून जातं. काही जुने मिस्त्री बोट चाटून पाहतात, गोड लागलं की कूलंट. हे कृपा करून करू नका. ते विष आहे.

पापुद्रा कुठं आहे त्यावरून घर सापडतं. होजच्या क्लिपेपाशी असेल तर नशीबवान, पान्ह्याच्या दोन वेढ्यांचं काम. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून डोकावतं. ते भोक म्हणजे बिघाड नव्हे, ती सूचना आहे. काही हुशार लोक त्यात एम-सील भरतात! मग पाणी बेअरिंगकडे वळतं आणि पंप बसतो. होजचं रबर दाबून पाहावं, थंड असताना. पिकल्या टोमॅटोसारखं मऊ लागलं किंवा वाकवल्यावर तडे दिसले तर बदलायचं. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड हीसुद्धा गळतीची नेहमीची जागा.

आणि हळद. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. हळद फुगते, भोकात अडकते, गळती थांबते. वाटेत अडकला असाल, रात्र असेल, तर टाका, मी नावं ठेवणार नाही. पण हळदीला गळकं भोक आणि चांगली नळी यातला फरक कळत नाही. घरी पोहोचल्यावर रेडिएटर धुवून घेतला नाही तर पुढच्या महिन्यात गाडी गळणार नाही, तापेल.

दुसरी वाट झाकणाची, आणि हिच्याबद्दल मी थोडं अधिक लिहिणार, कारण तिने मला फसवलं होतं. माझ्या जुन्या डिझेल गाडीत आठवड्याला अर्धा लिटर कूलंट कमी व्हायचं. खाली थेंब नाही. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी बॉनेटला हात टेकवून सांगितलं, हेड पॅकिंग गेलं, हेड उतरवावं लागेल, फेसिंग करावं लागेल. आकडा ऐकून मी घरी आलो. मग कुणीतरी अकोल्यातल्या एका साठीच्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी पहिला प्रश्न केला तो पाण्याचा नव्हताच.

"धूर कोन्ता पडते?"

मी म्हटलं, काही विशेष नाही.

"मंग थांबा. हेडाले हात लावाची घाई काहून करता?"

इंजिन थंड होतं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, त्या जागी सायकलच्या पंपासारखा एक हातपंप बसवला आणि घड्याळाचा काटा एकवर येईपर्यंत हवा मारली. मग चहा मागवला. चहा संपला, काटा तिथंच. म्हणजे रेडिएटर, होज, पंप, कुठूनच गळती नाही. नंतर त्यांनी ते काढलेलं झाकण उचललं आणि पंपाच्या टोकाला बसवलं. झाकणावर 1.1 असा आकडा होता. काटा अर्ध्यावरही गेला नाही तोच झाकणाने फुस्स केलं.

"टोपनच गेलं ना बाप्पा."

झाकण ही नुसती झाकायची वस्तू नाही, तो व्हॉल्व्ह आहे. खरं तर दोन. वरची स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत द्रवाला धरून ठेवते आणि त्यामुळेच ते उकळत नाही. मधला छोटा व्हॉल्व्ह उलटा : इंजिन थंड झालं, आत पोकळी तयार झाली, की तो उघडतो आणि बाजूच्या टाकीत गेलेलं कूलंट परत ओढून घेतो. स्प्रिंग ढिली पडली की द्रव लवकर उकळतं, टाकी भरून सांडतं, तापलेल्या लोखंडावर वाळून जातं. पुठ्ठ्यावर थेंबही पडत नाही. आणि मधला व्हॉल्व्ह अडकला तर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज आत ओढला जाऊन चपटा दिसतो. दोन-अडीचशे रुपयांच्या त्या झाकणासाठी मी हेड उतरवणार होतो.

याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं. आतलं द्रव 110-115 अंशांवर शांत बसलेलं असतं ते केवळ दाबाखाली. झाकण फिरलं, दाब गेला, की ते त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं घेऊन उघडतो, हळूच उघडतो, असल्या युक्त्या चालत नाहीत. अर्धा-पाऊण तास थांबावं. आणि तापलेल्या इंजिनावर विहिरीचं गार पाणी ओतू नये. अॅल्युमिनियमचं हेड वाकतं किंवा तडकतं, आणि साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं.

राहिली तिसरी वाट, पोटातली. इथं मिस्त्रींचा पहिला प्रश्न कामाला येतो.

धुराबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते : एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं ते पाणी, वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून जातं. जानेवारीत, सकाळी अमरावतीत दहा-बारा अंश असताना, तीच वाफ थिजून पांढरी दिसते, सायलेन्सरच्या टोकाशी थेंब टपकतात. घाबरण्यासारखं काही नाही. दोन-चार किलोमीटरमध्ये सायलेन्सर तापला की जाते. पण हाच पांढरा धूर मे महिन्याच्या दुपारी, गरम इंजिनातून, थांबता थांबत नसेल तर गोष्ट वेगळी. साधी वाफ हातभर अंतरावर विरते. कूलंटचा धूर जड असतो, गाडीमागे रेंगाळतो, त्याला गोडसर वास असतो. वास घ्यायचा तो दुरून आणि उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवून नाक लावणं जिवावर बेतू शकतं. डिझेल गाडीत तिसराही एक पांढरा धूर असतो, न जळलेल्या डिझेलचा. तो सकाळी सकाळी पडतो, डोळ्यांना झोंबतो, आणि त्याचं मूळ नोझलमध्ये किंवा टायमिंगमध्ये असतं, पाण्यात नव्हे.

पांढरा धूर आणि कमी होणारी पातळी, दोन्ही एकत्र असतील तर हेड पॅकिंगवर संशय घ्यायला जागा आहे. तरी अजून हेड उतरवू नये. थंड इंजिन, झाकण काढलेलं, गाडी चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी पाहत राहावं : सारखे बुडबुडे येत असतील तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. वरचा होज इंजिन तापायच्या आत, मिनिटभरातच दगडासारखा कडक झाला, तर तेच. निळ्या द्रावणाची एक चाचणी आहे. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि त्यात जळका वायू असला की पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. ऑइलची डिपस्टिक काढावी. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर गाडी चालवू नका, टोचन करून न्या. मात्र नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय असेल आणि गाडी रोज फक्त बाजारापर्यंत जाऊन येत असेल, तर ती बहुधा साचलेली दमट वाफ असते.

नव्या डिझेल गाड्यांत आणखी एक चोर आहे : ईजीआर कूलर. धुराचा काही भाग परत इंजिनात घ्यायचा आणि त्याआधी तो कूलंटने थंड करायचा, अशी ही पेटी. तिला आतून चीर गेली की कूलंट धुरात मिसळतं, पांढरा धूर पडतो, पातळी उतरते, आणि सगळी लक्षणं हेड पॅकिंगची दिसतात. हेड उतरवून, बसवून, पैसे देऊनही पाणी जातच राहिलं, अशा किती तक्रारींच्या मुळाशी ही पेटी असेल! मिस्त्रीला आधी एवढंच विचारावं, ईजीआर कूलर पाहिला का?

निळा धूर ऑइलचा. तो कधी पडतो हे त्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ही त्यासाठी उत्तम परीक्षा आहे. चढताना, इंजिनावर जोर असताना निळा धूर सतत पडला तर रिंगा झिजल्या. सुमारे 1100 मीटरवरून उतरताना, पेट्रोल गाडी गिअरमध्ये सोडलेली, आणि वळणावर परत अॅक्सिलरेटर दाबताच निळा भपकारा आला, तर व्हॉल्व्हची सीलं. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या स्टार्टला एकच झुळूक आली, तरी सीलंच. सीलांचं काम स्वस्त, रिंगांचं महाग. त्यामुळे मागच्या गाडीतल्या मित्राला धुरावर लक्ष ठेवायला सांगावं.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला थ्रेशर लावलेला ट्रॅक्टर पाहा. जागेवर उभा, वाऱ्याची झुळूक नाही, आणि चहूकडे कुटार उडतंय. तेच कुटार एअर फिल्टरमध्ये जातं, म्हणून धूर काळा. तेच रेडिएटरच्या जाळीवर गालिचासारखं बसतं, म्हणून काटा वर. दोन तक्रारी, औषध एकच : दर दोन-तीन तासांनी ट्रॅक्टर बंद करून जाळी आणि फिल्टर दोन्ही साफ करायचे. पाणी गळत नसतं, तरी दोष मात्र बिचाऱ्या वॉटर पंपावर जातो.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी फिल्टरमध्येच अडते, त्यामुळे काळा धूर दिसतच नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून सगळं ठीक, हे आता म्हणता येत नाही. पीयूसीवरही विसंबू नका. त्यात डिझेलच्या धुराची दाटी आणि पेट्रोलच्या धुरातले वायू मोजतात. तुमचं कूलंट किती उरलं ते कुणी मोजत नाही.

तापमानाच्या काट्याचीही एक खोड सांगतो. सेन्सर द्रवात बुडालेला असतो. सगळं कूलंट निघून गेलं की तो कोरडा पडतो, आणि काटा वर जाण्याऐवजी कधी कधी खाली येतो. गाडी आपोआप थंड झाली म्हणून माणूस खूश होतो आणि पुढच्या दहा किलोमीटरमध्ये इंजिन बसतं. काटा अचानक पडला तर ताबडतोब कडेला घ्या. नुसताच चढत असेल आणि थांबायला जागा नसेल, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. 45 अंशांत हीटर लावायचा हे ऐकून घरचे वेड्यात काढतील, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, तो इंजिनातली उष्णता आपल्या अंगावर काढतो. जवळच्या फाट्यापर्यंत तेवढं सोसावं.

काढलेलं जुनं कूलंट नालीत किंवा धुऱ्यावर ओतू नका. ते गोड असतं. कुत्री चाटतात, ढोरं तोंड लावतात, आणि त्यांची किडनी जाते. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याला निघालात, घाटाआधी परतवाड्यात चहाला थांबलात, की बॉनेट उघडून त्या पांढुरक्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे एकदा पाहा. झाकणाला हात लावायची गरज नाही. टाकीवर खालची आणि वरची अशा दोन रेघा असतात, पातळी बाहेरूनच दिसते.